दार उघडे ठेवणारे आणि दार लोटणारे



दीक्षा घेतल्यानंतर पहिल्या दोन-चार वर्षांत प्रत्येक नवबौद्ध कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. आपल्याला जे पटले ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, भावकीला, शेजाऱ्याला कसे पटवावे? आपला त्यांच्यावर चांगला प्रभाव पडावा असे प्रत्येकाला वाटते. परंतु प्रभाव पाडणे म्हणजे नेमके काय, आणि कोणता प्रभाव चांगला म्हणावा, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

हा प्रश्न एकट्या आपल्यापुढचा नाही. ख्रिस्ती धर्मीयांपुढे तो जवळजवळ दोन हजार वर्षे आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात तर तो त्यांनी दोनशे वर्षे प्रत्यक्ष हाताळला आहे. म्हणून या लेखात मी त्यांचेच उदाहरण घेणार आहे. बौद्धांच्या पाक्षिकात ख्रिस्ती लोकांचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हे नुसते कौतुक नाही, ही तपासणी आहे. आणि दुसऱ्याच्या घरातला दिवा पाहून आपल्या घरातली वात नीट करण्यात कमीपणा कसला?

प्रथम माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी चौथीत असताना ऊस तोडताना माझ्या आईच्या पायाला कोयता लागला. जखम चिघळली. गावातल्या औषधांनी गुण येईना, तेव्हा वडिलांनी तिला जिल्ह्याच्या गावी एका मिशन दवाखान्यात नेले. आम्ही मातंग, तेव्हा आम्ही दीक्षा घेतलेली नव्हती. तिथे एक नर्सबाई होत्या. गळ्यात बारीक क्रूस. आईचा पाय त्या रोज आपल्या मांडीवर घेऊन धूत. आई पाय मागे ओढी, कारण आपल्या पायाला कोणी परक्या बाईने असा हात लावल्याचे तिला माहीतच नव्हते. बाई काही न बोलता पाय पुन्हा पुढे घेत. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावले, औषधाची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "वाच काय लिहिलंय." मी अडखळत वाचले. "आता रोज आईला औषध तू वाचून द्यायचं. घरी गेल्यावर तूच आईचा डॉक्टर."

निघायच्या दिवशी आईने त्यांना विचारले, "बाई, आम्ही तुमच्या देवळात यावं का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "यायचं मन झालं तर जरूर या, मावशी. पण औषध त्यासाठी नव्हतं."

आई चर्चमध्ये कधी गेली नाही. परंतु मला शाळेतून काढायचा विषय घरात निघाला, तेव्हा तिने एकटीने तो हाणून पाडला. "ह्यो वाचतोय म्हणून माझा पाय वाचला," एवढेच ती म्हणे. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो. त्या नर्सबाईंच्या धर्माच्या वहीत आमचे नाव कुठेच नाही. मग त्यांचा आमच्यावर प्रभाव पडला की नाही?

ख्रिस्ती धर्मग्रंथातच या प्रश्नाचे दोन पदर आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू डोंगरावर प्रवचन करताना शिष्यांना मिठाची आणि दिव्याची उपमा देतो. मीठ अन्नात विरघळते, पण अन्नाला चव आणते. दिवा बोलत नाही, पण त्याच्या उजेडात इतरांना दिसते. लोकांनी तुमची चांगली कामे पाहावीत, असा तिथला भाव आहे. लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला तो उचलतो, त्याची जखम बांधतो, धर्मशाळेचे पैसे भरतो; तू कोणत्या धर्माचा, हे विचारीत नाही. हा झाला एक पदर.

दुसरा पदर मत्तयच्याच शेवटी आहे. सर्व राष्ट्रांत जा आणि लोकांना शिष्य करा, अशी तिथे आज्ञा आहे. आता प्रामाणिक ख्रिस्ती माणसाची अडचण लक्षात घ्या. दिव्यासारखे नुसते जळत राहावे, की जाऊन लोकांना आपल्यात आणावे? गंमत अशी की, एक माणूस आपल्या धर्मात आणण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या आणि मग त्याला अधिकच बिघडवणाऱ्या धर्मपंडितांवर येशूने त्याच ग्रंथात कडक टीका केली आहे. म्हणजे माणूस आणणे आणि माणूस घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याच ग्रंथात नोंदलेले आहे.

आता महाराष्ट्रातला इतिहास पाहू. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार नावाच्या बाई १८२७ साली मुंबईत आल्या. अमेरिकेहून परदेशी पाठविण्यात आलेल्या पहिल्या अविवाहित मिशनरी स्त्रियांत त्यांची गणना होते. मुंबईत काही वर्षे मुलींच्या शाळा चालवून त्या मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परत येऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थायिक झाल्या. १८६२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी एकच काम केले: मुलींना वाचायला शिकवले.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले एक तरुण गृहस्थ आपल्या मित्राबरोबर ही नगरची शाळा पाहायला गेले. त्यांचे नाव जोतीराव फुले. तिथली शिकवण्याची पद्धत त्यांच्या मनात भरली. पुण्याला परतून १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. या शाळेची प्रेरणा नगरच्या फरार बाईंच्या शाळेवरून मिळाली, हे त्यांनी १८५३ साली मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्रात मोकळेपणाने सांगितले आहे. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीशीही फरार बाईंच्या संस्थेचे नाव जोडले जाते.

पुढे जोतीरावांनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठी शाळा काढल्या. त्या शाळांतून शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातील किशोरवयीन मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्येच छापून आला. त्या निबंधात ही पोर सरळ विचारते की, ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता? बंधूंनो, बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली, त्याच्या ऐंशी वर्षे आधी आमच्या एका लेकीने हा प्रश्न कागदावर मांडला होता. आणि ज्या जोतीरावांनी तिच्या हाती पाटी दिली, त्यांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर आपले गुरू मानले. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा आपला १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला.

आता हिशेब करा. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. फरार बाईंच्या मिशनचा मूळ उद्देश मात्र धर्मप्रसाराचा होता, आणि लोक ख्रिस्ती व्हावेत असे बाईंना मनापासून वाटत असणार, हे लपवण्याचे कारण नाही. त्या हेतूच्या दृष्टीने पाहिले तर जोतीराव हे त्यांचे अपयश ठरतात. पण माणसाच्या दृष्टीने पाहिले तर? त्यांच्या श्रद्धेतून जन्मलेल्या कामाचा याहून मोठा परिणाम कोणता असू शकेल? ज्याने आपले मानले नाही तोच आपल्या कामाचा सर्वांत मोठा वारस ठरावा, हे काही अपयश नव्हे. माझ्या मते ज्या प्रभावाने समोरचा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि स्वतःचा प्रश्न स्वतः विचारू लागतो, तो चांगला प्रभाव. मग तो आपल्या वहीत नाव घालो की न घालो.

परंतु हे इतके सोपे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेतले म्हणजे अडचण समजते. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरलेले होते. रमाबाई धर्म शिकवीत नसत. पण आपली प्रार्थना त्या खोलीचे दार उघडे ठेवून करीत. ज्या मुलीला यावेसे वाटे ती येऊन बसे. यावरून पुण्यात वादळ झाले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला. कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

चूक कोणाची? रमाबाई म्हणू शकत होत्या की, मी कोणाला ओढत नाही, पण माझी श्रद्धा चोरासारखी लपवून का ठेवू? हे म्हणणे खरे आहे. जी श्रद्धा लपवावी लागते ती माणसाला खोटे बनवते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही सर्वस्वी टाकाऊ नाही. ज्या पोरक्या मुलीचे अन्न, वस्त्र, निवारा, माया सारे एकाच बाईकडून येते, तिला ते उघडे दार फक्त उघडे दिसेल का? आत गेलो नाही तर ताईंना वाईट वाटेल, असे तिला वाटणारच. जिथे एक माणूस दुसऱ्यावर पोटासाठी अवलंबून असतो तिथे मायासुद्धा दडपण बनू शकते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली केडगावला आणून वाचवल्या. हे उपकार कोणी विसरू नये. पण हा प्रश्न तिथे अधिकच तीव्र झाला, हेही खरे.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शारदा सदनातील एक विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जे कार्य सुरू केले, त्यात आनंदीबाईही झटल्या. त्याही ख्रिस्ती झाल्या नाहीत. उघड्या दाराजवळून त्या रोज गेल्या असतील, आणि आपल्या वाटेने पुढे गेल्या.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना 'पोटासाठी बाटले' असा टोमणा मारण्याची रीत होती. तो टोमणा आपण तरी उच्चारू नये. उपाशी माणसाला बुद्धी नसते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आपल्यालाही 'सवलतीसाठी बौद्ध झाले' असे ऐकवले जाते. वस्तुस्थिती अशी की, बौद्ध झाल्याने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या होत्या आणि त्या १९९० मध्ये मिळाल्या. तोटा सोसून लोकांनी धम्म धरला. तेव्हा दुसऱ्याच्या धर्मांतराला स्वस्त ठरवताना आपण दहा वेळा विचार करावा.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनच्या कार्याची तपासणी फार बारकाईने केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. शिक्षण आणि रुग्णसेवा यांतील मिशनची कामगिरी ते मान्य करतात. पण दोन प्रश्न ते विचारतात. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली का? अनेक ठिकाणी, विशेषतः दक्षिणेत, चर्चमध्येसुद्धा बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या. आणि धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहिला का? पूर्वी त्याला सांगितले जाई की तुझी दुर्दशा तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माने झाली. आता सांगितले गेले की ती आदिपुरुषाच्या पापाने झाली. दोन्हीकडे व्यवस्था मात्र सुटली, असा त्यांच्या टीकेचा रोख आहे. म्हणजे जो प्रभाव माणसाला दिलासा देतो पण त्याची मान वर करत नाही, तो बाबासाहेबांच्या कसोटीला उतरत नाही. ही कसोटी आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नका.

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या भावकीतल्या एका घराने तालुक्याच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षा घेतली. मुलगा-सून तयार होते. घरातल्या म्हातारीला, जिला आम्ही सगळे मोठी आई म्हणतो, कोणी विचारलेच नाही. तिच्या देवघरात खंडोबाचा टाक आणि दोन तसबिरी होत्या. मी मास्तर, शिकलेला, बाबासाहेब वाचलेला. एक दिवस ती रानात गेली असताना मी पुढे होऊन ते सारे उचलले आणि ओढ्यात सोडून दिले. मला वाटले, मी धम्माचे मोठे काम केले.

मोठी आई भांडली नाही. ती विहारात यायची बंद झाली. पुढे नातीला ताप आला तेव्हा रात्री सर्वांना चुकवून ती तिला भगताकडे घेऊन गेली. दवाखान्यात न्यायला त्यामुळे दोन दिवस उशीर झाला. पोर वाचली, पण त्या दोन दिवसांचे ओझे माझ्या मनावरून अजून उतरलेले नाही. वर्षभराने धीर करून मी तिच्यापुढे जाऊन बसलो. ती म्हणाली, "देव गेले त्याचं काय न्हाय, मास्तर. पर मला इचारलं असतंस तर म्या माझ्या हातानं दिलं असतं."

त्या दिवशी मला त्या नर्सबाई आठवल्या. त्यांनी माझ्या हातात बाटली दिली होती. मी मोठ्या आईच्या हातातून काढून घेतले होते. त्यांच्याजवळ देव होता, माझ्याजवळ देव नव्हता; पण आमच्या दोघांत धम्माने कोण वागले?

कोणी म्हणेल, मग काय गप्प बसावे? ज्या रूढीने माणूस बुडतो ती उघड्या डोळ्यांनी पाहत राहावे? नाही. सांगितलेच पाहिजे, आणि स्पष्ट सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी सांगितले नाही का? पण कसे सांगितले ते पाहा. १९३५ ची घोषणा आणि १९५६ ची दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षे आहेत. एवढा काळ त्यांनी लोकांपुढे कारणे मांडली, आक्षेपांना उत्तरे दिली, स्वतः अभ्यास केला. ३१ मे १९३६ च्या मुंबईच्या परिषदेत त्यांनी आपले सारे विवेचन संपवले ते बुद्धांनी आनंदाला केलेल्या अखेरच्या उपदेशाने: स्वतःच स्वतःचा दीप व्हा. आणि नागपूरला त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांकडे नीट पाहा. त्या 'मी' म्हणून घ्यायच्या आहेत. दुसऱ्याने आपल्यासाठी घ्यावी अशी त्यांत एकही नाही. मोठ्या आईची प्रतिज्ञा मी घेऊ शकत नव्हतो. ती तिचीच होती.

मज्झिम निकायात उपाली गृहपतीची कथा आहे. तो निगंठांचा उपासक. बुद्धांशी वाद घालायला आला आणि त्यांचे म्हणणे पटून तिथेच त्यांचा अनुयायी व्हायला निघाला. तेव्हा बुद्धांनी त्याला आधी नीट विचार कर म्हणून सांगितले, आणि इतकी वर्षे ज्या निगंठांना तू भिक्षा दिलीस त्यांना ती पुढेही देत जा, असे सुचवले. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे या आणि पाहा. त्या दाराला बाहेरून ढकलणारा कोणी नको आणि आतून कडीही नको.

म्हणून नुकतीच दीक्षा घेतलेल्या माझ्या बंधुभगिनींना माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या घरची वंदना उघडपणे करा. लाजू नका, लपवू नका. शेजारी आजारी पडला तर धावून जा आणि त्या मदतीच्या बदल्यात त्याच्याकडून काही मागू नका, त्रिशरणही नाही. जो आपल्यावर पोटासाठी अवलंबून आहे, मग तो शेतातला गडी असो, विद्यार्थी असो की घरातली म्हातारी असो, त्याच्याशी धर्माचे बोलताना दुप्पट जपा. त्याला 'नाही' म्हणण्याची जागा आहे ना, हे आधी पाहा. आणि आपल्या कामाची मोजणी डोकी मोजून करू नका. कोणत्या मुलीच्या हाती पाटी दिली, कोणत्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेले, कोणाची मान वर झाली, याची मोजणी करा.

मोठी आई अलीकडे पौर्णिमेला विहारात येते. मागच्या बाजूला, भिंतीला टेकून बसते. पंचशील म्हणते की नाही, मी पाहत नाही. मात्र निघताना नातीला जवळ घेऊन फळ्यावर काय लिहिले आहे ते तिच्याकडून वाचवून घेते.

जय भीम.